रिटा हंटर यांची ब्रुनहिल्ड : पाच सीडींचा संच

वाग्नरचा ऑपेरा मूळ जर्मनऐवजी इंग्रजीत गायला जातो म्हटले की अनेक जाणकार नाक मुरडतात, आणि मीही त्यांच्यातलाच होतो. वाग्नरच्या ‘रिंग’ या चार ऑपेरांच्या मालिकेतील शेवटच्या ‘ट्वायलाइट ऑफ द गॉड्स’चा चँडोस या ध्वनिमुद्रण कंपनीने पुनःप्रकाशित केलेला हा संच ऐकल्यावर मात्र माझा हट्ट सुटला, तो मुख्यतः नायिका ब्रुनहिल्डची भूमिका गाणाऱ्या रिटा हंटर यांच्यामुळे.

ध्वनिमुद्रण स्टुडिओतले नाही. ऑगस्ट १९७७ मध्ये लंडनच्या कॉलिसियम नाट्यगृहात झालेल्या इंग्लिश नॅशनल ऑपेराच्या प्रयोगांचे आहे. त्यामुळे रंगमंचावरची खडखड आणि ब्रास वाद्यांच्या काही चुका जशाच्या तशा राहिल्या आहेत. वाद्यवृंदाचे संचालक रेजिनल्ड गुडॉल यांची लय इतकी संथ आहे की पहिल्या अंकात माझा धीर एकदोनदा सुटला. पण याच लयीत हंटर यांच्या श्वासाचा कस लागतो आणि अँड्र्यू पोर्टर यांच्या अनुवादातला शब्द न् शब्द कळतो. आवाज प्रचंड असूनही तो कोठेही किंचाळत नाही. अखेरच्या चितेच्या प्रसंगात, इतक्या दीर्घ प्रयोगानंतरही, ग्राने या घोड्याला उद्देशून गायलेल्या ओळींत वरचे सूर थकलेले वाटत नाहीत.

१९३३ मध्ये लिव्हरपूलसमोरच्या वॉलसीत जन्मलेल्या हंटर सॅडलर्स वेल्सच्या कोरसमधून पुढे आल्या आणि पुच्चीनीच्या ऑपेरातील तुरांदोतच्या भूमिकेसाठी ख्यातनाम असलेल्या ईव्हा टर्नर यांच्याकडे शिकल्या. १९७० मध्ये याच कॉलिसियममध्ये त्यांनी ‘रिंग’मधल्याच ‘द वाल्कीरी’त ब्रुनहिल्ड गायली, १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांचे पदार्पण झाले तेही याच भूमिकेतून, पण जर्मनमधून. उत्तरायुष्य ऑस्ट्रेलियात गेले आणि २००१ मध्ये सिडनीत त्यांचे निधन झाले. त्यांची योग्यता पाहता मोठ्या कंपन्यांनी त्यांना फारच कमी ध्वनिमुद्रित केले, याची हळहळ वाटते.

ओगे हाउगलँड यांचा खलनायक हागेन भेदक आहे. नायक सीगफ्रीड झालेले आल्बर्टो रेमेडिओस हे लिव्हरपूलचे, पूर्वी जहाजबांधणीत वेल्डर होते. मर्सी नदीच्या दोन काठांवरची ही जोडी ऐकताना थोडी गंमतही वाटते. पाचही सीडी एकदम घ्यायची तयारी नसेल, तर ‘रिंग’मधल्याच ‘सीगफ्रीड’ या ऑपेराच्या १९७३ च्या संचातील तिसऱ्या अंकाचा शेवट आधी ऐकावा, कारण तिथे हंटर यांचा आवाज चार वर्षांनी तरुण आहे.