अल्जिनेट की अ‍ॅगरोज?

"दोन्हींपैकी एकच मागवता येईल, कुठलं मागवू?" लॅबमध्ये कूर्चापेशी (सांध्यातल्या कूर्चेच्या, म्हणजे कार्टिलेजच्या पेशी) वाढवायला नव्याने लागलेल्या एका मुलीचा प्रश्न.

दोन्हींचा जेल बनतो आणि त्यात पेशी अडकवून वाढवता येतात. दोन्ही समुद्री शेवाळातलीच: अल्जिनेट तपकिरी शेवाळातलं, अ‍ॅगरोज लाल शेवाळातलं. दोन्हींत पेशी गोल राहतात. प्लास्टिकच्या डिशवर त्या पसरतात आणि कूर्चेचं खास टाइप २ कोलॅजेन (एक प्रथिन) सोडून टाइप १ बनवू लागतात. अशा बिघडलेल्या पेशी अ‍ॅगरोजमध्ये पुन्हा वळणावर येतात, हे बेन्या आणि शेफर या संशोधकांनी १९८२ मध्येच दाखवलं.

मेहनतीत अल्जिनेट सरस. पेशी मिसळलेलं द्रावण सुईतून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबथेंब सोडा, साबुदाण्यासारखे मणी तयार! अ‍ॅगरोज मात्र वितळवून, कोमट होईपर्यंत थांबून मग पेशी मिसळायच्या. घाई केली तर पेशी भाजतात, रेंगाळलात तर पिपेटच्या टोकातच थिजतं. (माझी पहिली बॅच अशीच गेली.)

टिकायला अ‍ॅगरोज. अल्जिनेटचे मणी सवयीने फॉस्फेट बफरमध्ये धुतलेत तर कॅल्शियम निघून जातं, मणी ढिले पडतात.

पण याच दुबळेपणाचा फायदाही आहे. सोडियम सायट्रेट घातलं की मणी विरघळतात, पेशी जिवंत हाती येतात. अ‍ॅगरोजमधून त्या काढणं कटकटीचं.

एक खोच: डीएमएमबी या रंगद्रव्याने ग्लायकोसअमिनोग्लायकन (कूर्चापेशी बनवतात त्या साखरेच्या लांब साखळ्या) मोजताना अल्जिनेटही रंग धरतं. रंगाच्या द्रावणाचा पीएच (आम्लता) १.५ च्या आसपास आणा, नाहीतर आकडे फुगतील.

खर्चात अ‍ॅगरोज महाग, पण दोन टक्क्यांच्या द्रावणाला लागतं कितीसं?

पेशी वाढवून परत हव्या असतील तर अल्जिनेट घे. पेशी भरलेल्या जेलच्या चकत्यांवर आठवडेच्या आठवडे दाब देऊन पाहायचा असेल तर अ‍ॅगरोज. गुडघ्यात बसवायचं असेल तर दोन्ही नकोत. शरीरात यांना पचवणारं एन्झाइमच नाही.