हवाई गुरुत्व सर्वेक्षणाच्या नोंदींवरील प्रक्रिया : बाणेरमधील एका कंपनीच्या सेवेबद्दल

थर वाळवंटाच्या वाळूखाली गाडलेल्या, गाळाने भरलेल्या खोऱ्यांचा नकाशा तयार करण्यासाठी आम्ही विमानातून घेतलेल्या गुरुत्वाच्या नोंदी बाणेरमधील एका लहान सल्लागार कंपनीकडे सोपवल्या होत्या. पृथ्वीचे गुरुत्व सुमारे ९,८०,००० मिलिगल (गुरुत्व मोजण्याचे एकक) असताना गाडलेल्या गाळाच्या खडकांमुळे त्यात पडणारा फरक बहुधा शंभर मिलिगलांच्या आतच असतो, आणि विमानाचे हेलकावे त्याच्या कित्येक पट मोठे असतात; ते जीपीएसच्या आधारे वजा करण्याचे किचकट काम त्यांनी चोख केले. एकमेकींना छेदणाऱ्या उड्डाणरेषांवर, छेदनबिंदूपाशी दोन नोंदींत येणारी तफावतही त्यांनी न मागता वेगळ्या तक्त्यात दिली, जे सहसा कोणी देत नाही. मात्र नोंदींतील गोंगाट काढणारी गाळणी (फिल्टर) जरा जास्तच लावल्यामुळे अरुंद भ्रंश (खडकांतील सरकलेल्या भेगा) पुसट झाले आहेत. दर चढे आहेत. घासाघीस चालत नाही.