जुन्या जीपची चेसिस: पट्टी, बॉक्सिंग की दुसरीच?

जुन्या विलीज किंवा महिंद्रा सीजे जीपची चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, कमजोर झाली की तीन वाटा समोर येतात. तडा भरून वरून पट्टी मारायची, चेसिसचा उघडा चॅनल (एका बाजूने उघडी असलेली लांब लोखंडी तुळई) पत्रा लावून बंद करायचा म्हणजे बॉक्सिंग, नाहीतर चेसिसच बदलायची. माझं मत आधीच सांगतो: जीप मूळ इंजिनावर असेल आणि लोखंड शाबूत असेल, तर पट्टीच. (पद्मिनी आणि अँबॅसेडरला वेगळी चेसिस नसते, तिथे बॉडीच भार पेलते. त्यांचं गणित निराळं.)

लोखंड शाबूत आहे की नाही, हे रंगावरून कळत नाही. चिखल आणि डांबर खरवडून छोट्या हातोडीने चॅनल ठोकत जा. आवाज खणखणीत आला तर जाडी शिल्लक आहे. बद्द आला तिथे टोच्या दाबून बघा. मागचा क्रॉस मेंबर (दोन्ही बाजूंच्या चॅनलना जोडणारा आडवा दांडा), स्प्रिंगचे ब्रॅकेट आणि स्टीअरिंग बॉक्सची जागा नीट तपासा.

पट्टीचं काम स्वस्त आहे, पण घिसाडघाईने केलं तर वाया जातं. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडतात, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तड्यात खाच करून वेल्डिंग, ते घासून सपाट आणि त्यावर पट्टी. पट्टी चेसिसच्या पत्र्यापेक्षा जाड नको, आणि तिची टोकं निमुळती हवीत. चौकोनी कापलेल्या पट्टीचं उभं वेल्डिंग सगळा ताण एका रेषेवर आणतं आणि नवा तडा नेमका तिथेच जातो.

बॉक्सिंगची भुरळ मला समजते. झाकण नसलेलं पुठ्ठ्याचं खोकं हाताने पिळून बघा, मग झाकण चिकटवून पिळा. फरक तेवढाच मोठा असतो. पण या जीपच्या पाट्यांच्या स्प्रिंगा कडक असतात. खडबडीत रस्त्यावर चेसिसने थोडं पिळवटावं, हे मूळ रचनेतच धरलेलं आहे. अर्धीमुर्धी बॉक्सिंग केली की ती जिथे संपते तिथे आणि क्रॉस मेंबरच्या रिव्हेटांवर ताण येतो. शिवाय आत पाणी साचतं. कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत निचऱ्याची भोकं आणि आतून मेणाचा थर नसेल, तर बंद चॅनल आतून सडतो आणि बाहेरून दिसतही नाही.

जड डिझेल इंजिन बसवलेल्या जीपला मात्र मी बॉक्सिंगच सुचवेन. वेल्डिंग सलग ओढू नये. आलटून पालटून तुकड्या-तुकड्यांनी करावं, नाहीतर उष्णतेने चेसिस वाकते.

चेसिस बदलणं हा शेवटचा उपाय, लोखंड जागोजागी पोखरलं असेल तरच. कारण चेसिस नंबर तिच्यावरच असतो आणि आरटीओच्या परवानगीशिवाय ती बदलता येत नाही.

गाडी 50 वर्षांवरची असेल तर आणखी एक गोष्ट. 2021 मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार चालत नाही. या नोंदणीत मिळणारा ‘व्हीए’ मालिकेचा नंबर हवा असेल, तर बॉक्सिंगचा पत्रा कापण्याआधी आरटीओत विचारून घ्या. इंजिन आधीच बदललेलं असेल, तर ती नोंदणी धरून बसू नका. फेरफाराची परवानगी काढा आणि चेसिस मजबूत करून घ्या.