डिजिटल झूम की टेलिफोटो भिंग?

पुलाच्या खांबांची पाहणी ड्रोनने करू इच्छिणाऱ्या अभियंत्याने रुंद भिंगाचा (एकाच चित्रात मोठा परिसर टिपणारा) स्वस्त ड्रोन घेऊन डिजिटल झूमवर भागवावे, की स्वतंत्र टेलिफोटो कॅमेऱ्यासाठी (दूरची वस्तू भिंगानेच मोठी दाखवणाऱ्या) जास्त पैसे मोजावेत?

निर्णायक कसोटी तपशिलाची आहे. डिजिटल झूम चित्राचा मधला भाग कापून मोठा करतो, त्यामुळे 20 मेगापिक्सेलच्या चित्रावर 4 पट झूम केल्यास खरी माहिती सव्वा मेगापिक्सेलचीच उरते. हे काम नंतर संगणकावरही तितकेच चांगले होते. दोन्ही कॅमेरे असलेल्या डीजेआय मॅव्हिक 3 एंटरप्राइज या ड्रोनच्या रुंद कॅमेऱ्यातील एक पिक्सेल 10 मीटरवरून भिंतीचा सुमारे 2.7 मिमी भाग व्यापतो, तर टेलिफोटोतील सुमारे अर्धा मिमी. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात काँक्रीटच्या तड्याची सर्वसाधारण मर्यादा 0.3 मिमी असल्याने, असा तडा मोजायचा तर टेलिफोटोनेही आणखी जवळ जावे लागेल. या ड्रोनच्या जाहिरातीतील 56 पट झूमपैकी भिंगाचा वाटा सुमारे 7 पटींचाच आहे.

कष्टांच्या बाबतीत मात्र रुंद भिंग सरस ठरते, कारण टेलिफोटोत वाऱ्याचा हादरा अधिक दिसतो, प्रकाश कमी मिळतो आणि अनेक चित्रे जोडावी लागतात.

छप्पर, सौर पॅनेल किंवा जिथे सुरक्षितपणे जवळ जाता येते अशा भिंतींसाठी रुंद भिंग पुरेसे आहे. झूम न वापरता ड्रोनच जवळ न्यावा. वीजवाहिन्यांचे मनोरे, उंच धुराडी आणि नदीपात्रातील खांब यांसाठी मात्र टेलिफोटोच घ्यावा.