सागाची चकती आरामशीनवर करून घेतली, त्याबद्दल

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या आमच्या शाळेसाठी सागाची चकती करून घेतली. मे २०२४ च्या वादळात धुऱ्यावरचा साग पडला होता. वनखात्याचा पास काढून ओंडका जवळच्या आरामशीनवर नेला. दोन इंचांचा आडवा काप, सुकवणं आणि घासाई मिळून ९०० रुपये घेतले.

घासाई अप्रतिम. मिस्त्रीभाऊंनी आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपर मारला. सुईच्या टोकानं वलयं मोजता येतात, वर्षाला एक, ७४ भरली. सालीकडून ६१ वं १९६३ चं. तिथं मी लाल टाचणी टोचली. अणुचाचण्यांमुळे उत्तर गोलार्धातल्या हवेत कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) जवळपास दुप्पट झाला तो याच सुमारास, आणि त्या वर्षीच्या हवेतला कार्बन त्या वलयात बसून आहे. ठाण्याच्या सागात शास्त्रज्ञांनी हे मोजलंय. पुढे समुद्र आणि झाडंझुडपं हा जादा कार्बन-१४ शोषत गेली, म्हणून सालीकडे आकडा उतरत जातो.

चकतीशेजारी मी चंद्रपूरच्या कोळशाचा खडा ठेवते. कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षांच्या कोळशात तो उरतच नाही. असा कोळसा जळला की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं. हान्स स्यूस या शास्त्रज्ञानं १९५५ मध्ये हे लाकडातच दाखवलं. वाढलेला कार्बन डायऑक्साइड जंगल जळून आला की खाणीतून, ते यावरूनच ओळखता येतं. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मंग आपल्या थर्मलचा धूर झाडात लिहून राहते का?" थर्मल म्हणजे कोळशावरचं वीजकेंद्र. धूर नाही, त्यातला वायू. पण हो, राहतो. त्या दिवशी मधली सुट्टी कोणीच घेतली नाही.

तक्रार एकच, पण ती मला लागली. नको सांगूनही त्यांनी दोन्ही बाजूंना पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारलं. ते पेट्रोलियमपासूनचं, म्हणजे त्याचा कार्बनही कोळशासारखाच मेलेला, कार्बन-१४ नसलेला. उद्या कुणी या लाकडाचा नमुना तपासायचं म्हटलं, तर पॉलिश नीट निघालं नाही तर कार्बन-१४ वरून काढलेलं वय उगाच जास्त दिसेल. हे समजावल्यावर भाऊंनी त्याच ओंडक्याची दुसरी चकती बिनपॉलिशची, एक रुपयाही न घेता करून दिली. ती सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवलीय.

पहिलीला डिसेंबरात सालीपासून गाभ्यापर्यंत तडा गेला, सुकवायला वेळ कमी दिला होता. तुम्ही करणार असाल तर तीन इंच जाडी सांगा, आणि 'पॉलिश नको' हे ओंडक्यावर खडूनं लिहूनच द्या.