नाशिक दर्शनाच्या एका सहलीत झालेली फसवणूक

मी गेली एकवीस वर्षे नाशिकमध्ये राहतो आणि तरीही याच शहरात, दिवसाढवळ्या, एका नाशिक दर्शनाच्या सहलीत माझी फसवणूक झाली, हे लिहिताना संकोच वाटतो. लातूरहून मावशी आणि काका आले होते. काकांच्या गुडघ्यांमुळे दिवसभर रिक्षा बदलत फिरणे शक्य नव्हते, म्हणून मी एका सहल चालकाकडे माणशी ७५० रुपये भरून तिघांच्या जागा घेतल्या. पत्रकावर रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी आणि मुक्तिधाम अशी सात ठिकाणे होती, आणि खाली ठळक अक्षरांत 'सर्व खर्च समाविष्ट' असे छापले होते. त्याच्याही खाली बारीक अक्षरांतली 'स्थळदर्शन वेळेच्या उपलब्धतेनुसार' ही ओळ मी वाचली होती, पण तिचा अर्थ मला संध्याकाळी कळला.

पहिला प्रकार गंगेवरच, म्हणजे गोदावरीच्या घाटावरच घडला. रामकुंडावर उतरताच सहलीबरोबरच्या मार्गदर्शकाने एका गृहस्थांना पुढे केले आणि एक्कावन्न रुपयांत गंगापूजन होईल असे सांगितले. मावशी आणि काका पूजेला बसले, ओंजळीत पाणी घेतले, आणि संकल्प सांगता सांगता त्या गृहस्थांनी दोघांच्या तोंडून 'अकराशे रुपये दक्षिणा' हे शब्दही वदवून घेतले. हातात पाणी आणि तोंडी संकल्प असताना देवासमोर उच्चारलेली रक्कम नाकारण्याचे धैर्य जुन्या पिढीतल्या माणसाला होत नाही, आणि या युक्तीचा सगळा आधार तोच आहे. मावशीने नंतर, आमच्या गावाची वही तुमच्याकडे आहे का, असे विचारले. नाशिकच्या परंपरागत तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या, घराण्याघराण्यांच्या वह्या असतात आणि त्यांत आजोबा-पणजोबांच्या नोंदी सापडतात, हे तिला माहीत होते. त्या गृहस्थांकडे वही नव्हती. मी शेजारी उभा राहून हे सगळे पाहत होतो आणि पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून गप्प बसलो, हा माझा दोष आहे.

काळाराम मंदिराला बारा मिनिटे मिळाली. मंदिरप्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी ज्या मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला, त्याच्याबद्दल मार्गदर्शक एक शब्दही बोलला नाही. सीतागुंफेच्या रांगेचे कारण देऊन ती वगळली गेली आणि तपोवन खिडकीतून दाखवले गेले.

त्र्यंबकला पोहोचल्यावर 'सर्व खर्च समाविष्ट' या शब्दांत दर्शन येत नाही असे आम्हाला कळले. लवकर दर्शनासाठी माणशी ४०० रुपये बसमध्येच गोळा करण्यात आले. देवस्थानाची पावती हातात आली तेव्हा तिच्यावर २०० रुपये छापलेले होते. फरकाबद्दल विचारल्यावर 'सेवाशुल्क' असे उत्तर मिळाले. बसमध्ये चौतीस माणसे होती, गुणाकार ज्याचा त्याने करावा. धर्मदर्शनाची रांग विनामूल्य असते, हेही त्या बसमध्ये कोणी सांगितले नाही.

परतीच्या वाटेवर बस एका 'विणकर केंद्रा'पाशी थांबली, आणि दिवसभर घड्याळ दाखवून आम्हाला हाकणाऱ्या मार्गदर्शकाला तिथे अजिबात घाई नव्हती. पाऊण तास, एक तास, दीड तास झाला. दारात एक हातमाग मांडलेला होता, त्याच्यावर एक मुलगा बसला होता, पण आम्ही तिथे असेपर्यंत त्याने विणलेले मला दिसले नाही. मावशीने ७,८०० रुपयांना 'येवल्याची हातमागाची पैठणी' घेतली. दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या, मूळच्या येवल्याच्या असलेल्या वहिनींनी पदर उलटा करून पाहिला आणि काही न बोलता तो माझ्यासमोर धरला. हातमागावरच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. या पदराच्या मागे मात्र मोरांच्या आसपास कापलेल्या धाग्यांची कुसे होती. त्यांनी काठाचा एक धागा जाळला, तर तो केस जळल्यासारखा वास देऊन राख होण्याऐवजी वितळून त्याचा कडक मणी झाला. साडीवर अस्सल रेशमाची खूण असलेले 'सिल्क मार्क'चे लेबल नव्हते, ते मी दुकानातच पाहायला हवे होते. सर्वांत बेरकी भाग बिलाचा होता. तोंडी पैठणी, हातमाग, येवला असे सगळे सांगणाऱ्या दुकानदाराने बिलावर फक्त 'साडी, नग १' एवढेच लिहिले होते.

या दीड तासामुळे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आम्ही पोहोचलो तेव्हा तिकीट खिडकी बंद झाली होती. मुक्तिधाम अंधारात, पाच मिनिटांत उरकले. लेण्यांचे पैसे परत मागितले तेव्हा सहल चालकाने 'वेळेच्या उपलब्धतेनुसार' ही ओळ पुढे केली आणि बस पायथ्यापर्यंत गेली होती, म्हणजे स्थळ दाखवले, असेही ऐकवले.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. पत्रक आणि ७५० रुपयांची पावती माझ्याकडे आहे, त्यामुळे न दाखवलेल्या स्थळांपुरते काही होईल असे वाटते. दक्षिणेची पावती नाही, आणि साडीच्या बाबतीत दुकानाने आपण साडी विकली आणि साडी दिली असा पवित्रा घेतला आहे. बसमध्ये दुकानाविषयी जे सांगितले गेले त्याचे कोणी ध्वनिमुद्रण केले असते, किंवा बिलावर 'हातमाग पैठणी, रेशीम' एवढे तीन शब्द लिहून घेतले असते, तर आमची बाजू आज बरीच भक्कम असती.

तिसऱ्या दिवशी काकांना घरी ठेवून मी आणि मावशी रिक्षाने लेण्यांवर गेलो. खिडकीवर तिकिटे काढली, थांबत थांबत पायऱ्या चढलो आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख निवांतपणे पाहिला. आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम एका आईने त्यात नोंदवून ठेवला आहे, हे मी मावशीला सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि खाली उतरताना विचारले, ती साडी लातूरला न्यायची की इथेच ठेवायची. ती सध्या आमच्याकडेच आहे, तक्रारीसोबत दाखवावी लागेल म्हणून.