दातही खाता, घोरताही? नाइट गार्ड की एमएडी

दोन्ही वापरून झालेत. नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं आवरण, चौदा महिने. एमएडीचं, म्हणजे घोरण्यासाठी तोंडात घालायच्या यंत्राचं, आता तिसरं वर्ष. नुसते दात खात असाल आणि घोरत नसाल, तर वरच्या दातांवर बसणारा कडक ॲक्रिलिकचा गार्ड घ्या नि मोकळे व्हा. दाढांचे टवके उडायचे थांबतात. अडचण आमच्यासारख्यांची, ज्यांना दोन्ही सवयी आहेत.

गार्डने माझ्या दाढा वाचवल्या, यात वाद नाही. पण महिन्याभरात रोज पहाटे तीनला जाग यायला लागली. तोंड उघडं, जीभ टाळूला चिकटलेली. उशाशी तांब्या आला. बायको म्हणाली, "पूर्वी कुशीवर वळलात की घोरणं थांबायचं, आता वळूनही थांबत नाही." मी हवेला दोष देत राहिलो. पुढे दुसऱ्या डेंटिस्टांनी कवळीचा साचा हातात धरून दाखवलं: दाढांमध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडी आली की खालचा जबडा बिजागरीवर फिरतो, खाली जातो आणि थोडा मागेही. त्याबरोबर जिभेचं मूळही मागे सरकतं. सगळ्यांचं असं होत नाही. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २००४ साली स्लीप ॲप्नियाच्या (झोपेत श्वास अडकण्याच्या) १० रुग्णांवर हे तपासलं, तर गार्ड घातल्यावर निम्म्यांचा त्रास बराच वाढला. दहाच माणसं, मान्य. पण माझा तांब्या त्या निम्म्यांतला.

गार्डने खांदे सरळ होतात, पाठ सुधारते, असंही एका दवाखान्यात ऐकवलं होतं. हात आडवा धरायला लावून दाबला, खाली गेला. गार्ड घालून दाबला, गेला नाही. दुसऱ्यांदा मीच जास्त जोर लावला होता, हे मला तेव्हाही जाणवलं. सकाळची मान मात्र खरंच हलकी झाली. रात्रभर आवळलेले स्नायू सैल पडले की तेवढं होत असावं. शिंप्याने परवाही डावा खांदा खालीच मापला. म्हणून शरीराच्या ठेवणीसाठी कुणी यातलं काही घ्यावं, असं मी म्हणणार नाही.

एमएडी खालचा जबडा पुढे धरून ठेवतं. माझ्यात स्क्रूने पाव-पाव मिलिमीटर पुढे घेता येतं. घाई केली की कानापुढचा सांधा दुखतो, हे करून पाहिलंय. तिसऱ्या आठवड्यात तांब्या स्वयंपाकघरात परत गेला.

माप देण्याआधी स्लीप टेस्ट मात्र करा. माझा एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडकतो किंवा मंदावतो तो आकडा) १४ होता, म्हणजे सौम्य. ३० च्या वर असेल तर डॉक्टरांशी आधी सीपॅपचं, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचं बोला. एमएडी बसल्यावर ते तोंडात घालून टेस्ट पुन्हा करा, कारण घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडकणं थांबलंच असं नाही. दात हलत असतील किंवा मोजकेच उरले असतील, तर एमएडीच्या वाटेला न गेलेलं बरं.

त्याचे त्रास आहेतच. उशी लाळेने भिजते. वर्षानुवर्षं वापरून पुढचे दात थोडे सरकतात, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासून घेतो. आणि सकाळी अर्धा तास दाढेला दाढ लागत नाही. तोवर खारी चहात बुडवून खातो. भाकरी असेल त्या दिवशी आधी पेपर वाचतो.